फ्रीबीएसडीचा स्क्रीनशॉट काढायचा म्हणजे नेमकं काय काढायचं?

फ्रीबीएसडी ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम मूळ रूपात बसवली की समोर येतो काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं आणि लॉगिनची वाट बघणारा कर्सर. डेस्कटॉप नाही, माउसचा बाण नाही, वॉलपेपर नाही. पुढे जे काही रंगीत दिसतं ते आपण एकेक पॅकेज घालून उभं केलेलं असतं: आधी पडद्यावर विंडो दाखवणारं एक्सऑर्ग, मग ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर, मग केडीई प्लाझ्मा किंवा एक्सएफसीई यांपैकी एक डेस्कटॉप, शेवटी लॉगिनचा पडदा. अशा सिस्टिमच्या प्रचारासाठी डेस्कटॉपचे स्क्रीनशॉट हवेत असं आमच्या स्वयंसेवकांच्या गटात ठरलं आणि ते काम मी मागून घेतलं. एक माहितीपत्रक, एक सादरीकरण आणि प्रदर्शनात लावायचे काही मोठे फलक, एवढा त्यांचा उपयोग होता.

मागून घेतलं, कारण एक प्रश्न मला सतत ऐकावा लागतो: ‘ती सर्व्हरवर चालवायची गोष्ट ना?’ या समजाला आधार आहे. नेटफ्लिक्सचे व्हिडिओ घरोघरी पोहोचवणारे सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतात. प्लेस्टेशन ४च्या आतली सिस्टिमही तिच्यापासूनच घडवलेली आहे. १९९३पासून हा प्रकल्प अखंड चालू आहे, पण त्याचं नाव निघतं ते कुठल्यातरी थंड खोलीतल्या यंत्रांच्या संदर्भात. मी मात्र माझी पत्रं, हिशेब, फोटो आणि लेखन सगळं याच सिस्टिमवर करते. ‘टेबलावरच्या कॉम्प्युटरवरही ती चालते’ हे सांगायला लांबलचक भाषण लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवातीला आधी निघालेली चित्रं गोळा केली. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात डेस्कटॉपचा स्क्रीनशॉट काढण्याची एक ठरलेली रीत आहे. गडद वॉलपेपर, त्यावर अर्धपारदर्शक टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची विंडो, आणि त्यात फास्टफेच किंवा त्याच्या आधीचं निओफेच हे सिस्टिमची माहिती दाखवणारं साधन चालवलेलं. डावीकडे अक्षरांनी काढलेला शिंगांचा लाल गोळा, म्हणजे फ्रीबीएसडीचं बोधचिन्ह, उजवीकडे आवृत्ती, कर्नल, मेमरी, थीमचं नाव. पॅनल एका रेषेत, आयकॉन एका रंगात. ही चित्रं काढणारे त्यात जीव ओततात आणि मला ती बघायला आवडतात. पण ती एकमेकांसाठी काढलेली असतात. ज्याला ‘कर्नल’ हा शब्द आधीच ठाऊक आहे त्याच्याशीच ती बोलतात. बाहेरच्या माणसाला त्यात काळा पडदा आणि न समजणारी अक्षरं दिसतात, म्हणजे ज्या समजातून त्याला बाहेर काढायचं तोच समज आणखी घट्ट होतो. म्हणून हा प्रकार यादीतून काढला.

मग साधा, उजळ डेस्कटॉप घेतला. प्लाझ्मा त्याच्या मूळ थीममध्ये, फायरफॉक्स उघडलेला, बाजूला लिबरऑफिसमधलं एक पत्र. चित्र छान आलं. पत्रकाची मांडणी करणारी माझी मैत्रीण लिनक्स वापरते. तिने तिच्या प्लाझ्माचा एक स्क्रीनशॉट माझ्या चित्राशेजारी ठेवला आणि विचारलं, “यातलं तुझं कुठलं गं?”

या कामातला सगळ्यात अवघड प्रश्न हाच होता. केडीई १९९६मध्ये सुरू झालं ते युनिक्स घराण्यातल्या सगळ्या सिस्टिमसाठी, एकट्या लिनक्ससाठी नव्हे. डेस्कटॉप सामायिक, ब्राउझर सामायिक, ऑफिस सामायिक. ऑपरेटिंग सिस्टिम या सगळ्याच्या खाली असते आणि खालचं चित्रात येत नाही. प्लाझ्माच्या ‘या सिस्टिमविषयी’ विंडोत फ्रीबीएसडीचं नाव आणि आवृत्ती येते खरी, पण नावाची पाटी दाखवून कुणी सिस्टिम बदलत नाही.

त्यावर बराच विचार केल्यावर मी कामाचे दोन गठ्ठे केले. बघणाऱ्याच्या मनात प्रश्न दोनच असतात. पहिला: माझं रोजचं काम इथे होईल का? दुसरा: मग इथे येऊन मला वेगळं काय मिळेल? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात दोन चित्रं सारखी दिसणं हेच उत्तर आहे. तोच फायरफॉक्स, तोच लिबरऑफिस, चित्रं काढायची तीच क्रिटा, घाबरण्यासारखं काही नाही. दुसऱ्या प्रश्नाला मात्र सारखेपणा चालत नाही. तिथे खालची सिस्टिम वर खेचून डेस्कटॉपवर दाखवावी लागते. प्रत्येक चित्राने या दोनपैकी एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं, आणि जे देणार नाही ते कितीही देखणं असलं तरी बाजूला ठेवायचं, असं मी ठरवलं. या नियमात काही फार सुंदर चित्रं गेली. फिरता घन, डुलणाऱ्या विंडो, पारदर्शक पॅनल, सगळं गेलं.

दुसऱ्या गठ्ठ्यासाठी पहिली निवड ठरलेलीच होती: झेडएफएस. ही फाइल सिस्टिम फ्रीबीएसडीत २००८पासून, म्हणजे ७.० आवृत्तीपासून आहे आणि इन्स्टॉलरमध्ये ती सरळ निवडता येते. तिचा स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणीच्या फाइलींची गोठवलेली स्थिती. घेताना जागा जवळजवळ लागत नाही, पुढे फाइली बदलतील तसतशी लागत जाते. कमांडने हे दाखवणं सोपं आहे, पण कमांडचं चित्र म्हणजे पुन्हा काळा पडदा. हे फाइल मॅनेजरमध्ये दिसायला हवं होतं.

आणि ते दिसतं. प्रत्येक डेटासेटच्या, म्हणजे झेडएफएसने डिस्कवर केलेल्या स्वतंत्र विभागाच्या, मुळाशी ‘डॉट झेडएफएस’ नावाचं एक फोल्डर असतं, त्यात ‘स्नॅपशॉट’ आणि त्यात प्रत्येक स्नॅपशॉटचं एकेक फोल्डर. हे मूळ फोल्डर एरवी यादीत दिसत नाही, लपलेल्या फाइली दाखवायला सांगितल्या तरी नाही. पण डॉल्फिन या प्लाझ्माच्या फाइल मॅनेजरच्या पत्त्याच्या पट्टीत त्याचा मार्ग टाइप केला की ते निमूट उघडतं. डॉल्फिनमध्ये एफ३ दाबलं की विंडोचे दोन भाग होतात. डावीकडे मी आजचं ‘दस्तऐवज’ फोल्डर ठेवलं, ज्यातून एक फाइल पुसलेली होती. उजवीकडे सकाळच्या स्नॅपशॉटमधलं तेच फोल्डर, ज्यात ती फाइल जागच्या जागी होती. उजवीकडून ओढून डावीकडे टाकली की फाइल परत. स्नॅपशॉटमधलं काही बदलता येत नाही, त्यामुळे धक्का लागायची भीती नाही.

हे चित्र काढलं तेव्हा मला फार समाधान वाटलं. यात टर्मिनल नाही, कमांड नाही, तरीही जे दिसतंय ते खालच्या सिस्टिमचं काम आहे. फोल्डर आणि फाइल हे सगळ्यांच्या ओळखीचं. एकीकडे फाइल नाही, दुसरीकडे आहे, एवढं कुणालाही वाचता येतं.

खाली ओळ लिहिली: ‘चुकून पुसलेली फाइल परत. बॅकअप आपोआप.’ आमच्यात एक ज्येष्ठ स्वयंसेवक आहेत, सर्व्हर सांभाळण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी ओळ वाचली आणि म्हणाले, “बॅकअप हा शब्द काढ. डिस्क गेली तर स्नॅपशॉटही गेले. हे वाचून कुणी निर्धास्त राहिलं तर पाप आपल्या माथी.” ओळ बदलली: ‘चुकून पुसलेली फाइल परत, त्याच डिस्कवरच्या स्नॅपशॉटमधून.’ शब्द वाढले, पण आता ते खरे होते. ‘हे फक्त इथेच’ असंही कुठे लिहायचं नाही हेही तेव्हाच ठरलं. ओपनझेडएफएस, म्हणजे झेडएफएसचं मुक्त रूप, लिनक्सवरही चालतं, २०२०च्या २.० आवृत्तीपासून तर दोन्हीकडे एकच कोड आहे. आपल्याकडे ते इन्स्टॉलरपासून सिस्टिमचा भाग आहे, एवढंच आपण म्हणू शकतो. आणि तेवढं पुरेसं आहे.

दुसरी गोष्ट बूट एन्व्हायर्नमेंटची. मोठा अपग्रेड करण्याआधी ‘बीई-सीटीएल’ या साधनाने चालू सिस्टिमची एक जपलेली प्रत ठेवायची. अपग्रेड बिनसला तर कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मेनूतून जुनी प्रत निवडायची की कालची सिस्टिम जशीच्या तशी. रोज वापरणाऱ्याच्या दृष्टीने मला हा फ्रीबीएसडीचा सगळ्यात मोठा दिलासा वाटतो. पण याचं चित्र कसं काढायचं? डेस्कटॉपवर याला विंडो नाही. आणि ज्या मेनूत निवड होते तो सिस्टिम सुरू होण्याआधी येतो, त्यामुळे तेव्हा स्क्रीनशॉट काढणारं काहीही चालू नसतं. मोबाइलने पडद्याचा फोटो काढला तर त्यात पट्टे आणि खोलीतल्या दिव्याचं प्रतिबिंब येतं.

यावर उपाय सिस्टिममध्येच होता. फ्रीबीएसडीचा स्वतःचा हायपरव्हायझर आहे, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवणारं साधन, बीहाइव्ह नावाचा, १०.० आवृत्तीपासून म्हणजे २०१४पासूनचा. त्यात यूईएफआय हे कॉम्प्युटर सुरू करणारं फर्मवेअर वापरून एक पाहुणी फ्रीबीएसडी बसवली. पाहुण्या सिस्टिमचा पडदा व्हीएनसीवरून, म्हणजे दुसऱ्या यंत्राचा पडदा दाखवणाऱ्या सोयीने, माझ्या डेस्कटॉपवरच एका विंडोत दिसतो, म्हणजे तिचा लोडर, तो सुरू होतानाचा मेनू दाखवणारा, हाही माझ्यासाठी एक विंडोच. मेनूत बूट एन्व्हायर्नमेंटचा पर्याय निवडला, दोन प्रतींची नावं पुढे आली, स्क्रीनशॉट काढला. प्रतींना अर्थपूर्ण नावं आधीच देऊन ठेवली होती: एक ‘अपग्रेडआधी’, दुसरी ‘अपग्रेडनंतर’, अर्थात लोडरला वाचता येतील अशा रोमन अक्षरांत.

चित्र देखणं नाही. काळं आहे, अक्षरांचं आहे. पण ‘काळा पडदा नको’ हा नियम मी इथे जाणूनबुजून मोडला, कारण हा पडदा बघून काही शिकायचं नसून फक्त दोन नावांतून एक निवडायचं आहे, हे बघणाऱ्याला कळतं. फलकावर त्याच्याशेजारी अपग्रेडनंतरचा उजळ डेस्कटॉप ठेवला आणि मध्ये बाण. पूर्ण संचात शब्दांची सगळ्यात जास्त गरज या चित्राला पडली.

चित्र काढण्यासाठी माझं रोजचं खातं मी मुळीच वापरलं नाही. कुणी वापरूही नये. डेस्कटॉपच्या स्क्रीनशॉटमध्ये माणूस किती उघडा पडतो हे एकदा दहा मिनिटं शांतपणे स्वतःचा पडदा न्याहाळला तर कळतं. अलीकडच्या फाइलींची यादी, ब्राउझरने सुचवलेले पत्ते, कोपऱ्यात उमटणारा निरोप, कॉम्प्युटरचं नाव, टर्मिनलच्या प्रॉम्प्टमधलं स्वतःचं नाव. पुढे हे पुसायचं म्हटलं तर धूसर करून भागत नाही, कारण धूसर केलेली अक्षरं कधीकधी ओळखता येतात. त्यावर गडद चौकोनच लागतो. कापून टाकलेला भागही नेहमी जातोच असं नाही. २०२३मध्ये एका फोनच्या आणि एका प्रसिद्ध सिस्टिमच्या स्क्रीनशॉट साधनांत असा दोष उघड झाला होता की कापलेल्या चित्राचा उरलेला भाग फाइलीतच राहत होता. त्यापेक्षा लपवण्यासारखं काही नसलेलंच खातं उत्तम.

म्हणून ‘डेमो’ नावाचं खातं केलं, त्याच्या घर-फोल्डरला झेडएफएसचा स्वतंत्र डेटासेट दिला. त्यात खरी वाटतील अशी पण माझ्या कल्पनेतली कागदपत्रं भरली: एका वाचनकट्ट्याचं निमंत्रण, वर्षभराच्या खर्चाचा तक्ता, मी काढलेले काही फोटो. यावर मी बराच वेळ घालवला. विंडोमध्ये निरर्थक मजकूर किंवा रिकामं पान असेल तर बघणारा ती विंडो बघतच नाही. त्याला तिथे एक माणूस काम करताना दिसला पाहिजे. खर्चाच्या तक्त्यात बेरजा बरोबर हव्यात, निमंत्रणात शुद्धलेखन नीट हवं. फलकासमोर उभं राहून बेरीज तपासणारी माणसं असतात आणि अशा माणसांनीच ही सिस्टिम वापरावी असं मला वाटतं.

सगळं मनासारखं जुळलं तेव्हा त्या डेटासेटचा स्नॅपशॉट घेतला, नाव ‘स्वच्छ’. मग चित्रं काढताना हवा तेवढा पसारा करता आला. विंडो हलव, फाइल पूस, थीम बदल. काम झालं की डेमो खात्यातून बाहेर पडायचं आणि रोलबॅकची, म्हणजे स्नॅपशॉटच्या स्थितीला परत नेणारी, एक कमांड द्यायची. खातं पुन्हा स्वच्छ. ज्या गुणाची जाहिरात करायची त्याच गुणाने जाहिरातीचं काम हलकं केलं, हे मी प्रदर्शनात प्रत्येकाला सांगितलं.

आता काढण्याची प्रत्यक्ष रीत. साधन प्लाझ्माचंच, स्पेक्टॅकल. मेटा आणि प्रिंट या दोन कळांनी चालू विंडोचं चित्र निघतं, सावलीसकट आणि मागचा भाग पारदर्शक. संपूर्ण पडद्याची चित्रं मी फार थोडी ठेवली. १९२० बिंदू रुंदीचा अख्खा पडदा फोनवर बघितला तर अक्षरं मुंगीएवढी होतात, काही वाचता येत नाही. हजारेक बिंदू रुंदीची एक विंडो मात्र फोनवरही कळते. पूर्ण पडदा फक्त एवढंच सांगायला वापरला की हा एक नेहमीसारखा डेस्कटॉप आहे.

अक्षरांच्या कडांकडे मात्र नीट लक्ष द्यावं लागलं. एलसीडी पडद्यावर अक्षरं गुळगुळीत दिसावीत म्हणून सबपिक्सेल रेंडरिंग असतं. ते प्रत्येक बिंदूचे लाल, हिरवा, निळा असे भाग वेगवेगळे वापरतं. स्वतःच्या पडद्यावर ते सुरेख दिसतं, पण स्क्रीनशॉटमध्ये तेच रंग कायमचे उमटतात. चित्र मोठं करून छापलं की अक्षरांच्या एका कडेला लालसर आणि दुसऱ्या कडेला निळसर झाक दिसते. म्हणून डेमो खात्यात फॉन्टच्या सेटिंगमधून सबपिक्सेल बंद केलं आणि साधं करडं अँटीअलायझिंग ठेवलं. पडदा पिवळसर करणारी रात्रीची सोय बंद करण्याची मात्र गरज पडली नाही. एक्स११वर, म्हणजे एक्सऑर्ग ज्या पद्धतीने पडदा चालवतं तिच्यात, तो बदल ग्राफिक्स कार्डाच्या गॅमा कोष्टकात, रंग पडद्यावर जाण्याच्या शेवटच्या टप्प्यावर होतो, चित्रात उतरत नाही. फक्त रंग निवडताना आपल्या डोळ्यांना फसवू नये म्हणून मी ती बंद ठेवली.

छपाईचं गणित वेगळंच. पत्रकाला इंचाला ३०० बिंदू लागतात. १९२० बिंदूंचा पडदा त्या हिशेबाने ६.४ इंच, म्हणजे साधारण १६ सेंटिमीटर रुंद छापता येतो, एवढाच. फलकाला ते पुरत नव्हतं. एका मित्राचा फोर-के मॉनिटर काही काळापुरता मागून आणला, प्लाझ्माचं स्केल २०० टक्के केलं. मांडणी १९२० गुणिले १०८० चीच राहते, पण प्रत्येक अक्षराला चौपट बिंदू मिळतात. फलक लांबून बघायचा असल्याने इंचाला १५० बिंदू चालतात, त्यामुळे ३८४० बिंदूंचं चित्र ६५ सेंटिमीटर रुंद स्वच्छ छापलं गेलं. १२५ किंवा १५० टक्के स्केल मात्र टाळावं, विशेषतः एक्स११वर. तिथे रेषा आणि आयकॉन दोन बिंदूंच्या मध्ये अडकून पुसट होतात.

थीम उजळ घेतली. गडद थीम पडद्यावर मलाही आवडते, पण प्रोजेक्टरवर ती करडी पडते आणि कागदावर शाई पिते. उजळ थीमची एक अडचण अशी की पांढऱ्या कागदावर पांढरी विंडो विरघळून जाते. स्पेक्टॅकलने दिलेली सावली इथे कामाला आली, आणि पत्रकाच्या पानाला मैत्रिणीने अगदी फिका राखी रंग दिला. फाइली सगळ्या पीएनजी, ऑक्सिपीएनजीने आकसलेल्या. जेपीईजी केलं की अक्षरांभोवती मळकट ठिपके येतात. निरोपाच्या अ‍ॅपवरून चित्र पाठवलं की अ‍ॅप ते स्वतःच जेपीईजी करून टाकतं, म्हणून एकमेकांना पाठवताना चित्र म्हणून नाही तर दस्तऐवज म्हणून पाठवायचं, हे गटात सगळ्यांना सांगून ठेवलं.

मग आला पॅनलचा कोपरा. प्लाझ्माचं नेटवर्कचं आयकॉन नेटवर्कमॅनेजर या जोडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रामवर चालतं आणि नेटवर्कमॅनेजर ही लिनक्सची गोष्ट आहे. फ्रीबीएसडीवर ते नाही, त्यामुळे घड्याळाशेजारी जिथे सगळ्यांना वायफायची कमान दिसायची सवय आहे तिथे काहीच नसतं. गटात यावर दोन मतं पडली. एक म्हणे, चित्र जोडून आयकॉन बसवू, कुणाला कळतंय. याला मी ठाम नकार दिला. चित्रावर विश्वास ठेवून कुणी सिस्टिम बसवेल आणि पहिल्याच संध्याकाळी ते आयकॉन शोधत बसेल, असं आपल्या हातून होता कामा नये. दुसरा मार्ग खरा होता: घोस्टबीएसडी या फ्रीबीएसडीवरून तयार डेस्कटॉपसह बनवलेल्या सिस्टिमच्या मंडळींनी बनवलेलं नेटवर्कएमजीआर हे छोटं साधन पॅकेजमध्ये आहे, ते बसवलं की घड्याळाशेजारच्या त्या कोपऱ्यात खरंखुरं, चालणारं आयकॉन येतं. तेच डेमो खात्यात बसवलं आणि चित्राखाली साधनाचं नाव लिहिलं. वायफाय हा फ्रीबीएसडीचा जुना दुबळा भाग आहे. सगळी कार्डं चालत नाहीत, चालतात ती सगळी पूर्ण वेगाने चालत नाहीत. पत्रकात याला स्वतंत्र चौकट दिली: बसवण्याआधी आपलं वायफाय कार्ड कुठलं आहे ते बघा. प्रचाराच्या कागदावर दुबळा भाग छापायचा का, यावर थोडी चर्चा झाली आणि छापायचा असं ठरलं.

मराठी मजकुराचं एक चित्र हवंच होतं. नव्या फ्रीबीएसडीत देवनागरी फॉन्ट नसतो, नोटो किंवा लोहित पॅकेजमधून आणावा लागतो, नाहीतर रिकामे चौकोन दिसतात. लिबरऑफिसच्या भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटसाठी मराठी निवडली. फॉन्टमध्ये सोय असेल तर त्यामुळे ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे येतात, हिंदीच्या नाही. निमंत्रणाचं ते पान मी मोठं करून फलकावर घेतलं आणि लोकांची नजर पहिल्यांदा तिथे गेली. टर्मिनलमध्ये मात्र देवनागरी मुद्दाम टाळली. तिथे प्रत्येक अक्षराला ठरावीक चौकट मिळते, वेलांट्या आणि जोडाक्षरं तिच्यात नीट बसत नाहीत. प्लाझ्माचा मराठी अनुवादही पुरा नाही. मराठी मेनूंचं चित्र ठेवलं, त्यात जिथे इंग्रजी शब्द राहिले तिथे ते तसेच राहू दिले आणि खाली लिहिलं की अनुवादाला हात हवे आहेत. त्या एका ओळीमुळे दोघांनी अनुवाद करायची तयारी दाखवली.

परवान्यांचं थोडक्यात सांगते, कारण इथे पुष्कळ जण घाई करतात. बीस्टी या बीएसडीच्या ओळखीच्या लाल भुताच्या चित्राचे हक्क बीएसडीचे जुने विकासक मार्शल कर्क मॅक्युसिक यांच्याकडे आहेत. सिस्टिम मुक्त आहे म्हणून ते चित्र हवं तसं छापता येत नाही. शिंगांचा गोळा हे बोधचिन्ह २००५चं, आणि फ्रीबीएसडी हे नाव फ्रीबीएसडी फाउंडेशनचं नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे, त्याच्या वापराचे नियम आहेत. वॉलपेपर म्हणून मी स्वतः काढलेला एक फोटो वापरला आणि सगळा संच सीसी बाय-एसए ४.० परवान्याखाली दिला, म्हणजे कुणालाही त्यावरून पत्रक करता यावं. प्रत्येक चित्रासोबत त्याचं शब्दांत वर्णनही लिहिलं. ज्याला चित्र दिसत नाही त्याला नुसतं ‘डेस्कटॉपचा स्क्रीनशॉट’ असं वाचून दाखवलं जाऊ नये. ‘डॉल्फिनची दोन भागांची विंडो, डावीकडे फाइल नाही, उजवीकडे सकाळच्या स्नॅपशॉटमध्ये आहे’ असं वाचून दाखवलं गेलं पाहिजे.

प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी डॉल्फिनच्या फलकासमोर झाली. एका मुलीने तो बराच वेळ बघितला आणि विचारलं, “ताई, फाइल दुपारी केली आणि दुपारीच पुसली, तर?” नाही मिळणार, स्नॅपशॉट सकाळचा आहे, मी सांगितलं. दर पंधरा मिनिटांनी आपोआप स्नॅपशॉट घेणारी साधनं आहेत, ती लावली तर नुकसान तेवढ्या काळापुरतंच राहतं, हेही दाखवलं. लगेच तिचा पुढचा प्रश्न आला: “माझ्या लॅपटॉपवर चालेल?”

याचं उत्तर कुठल्याही चित्रात नव्हतं आणि असूही शकत नाही. तयार डेस्कटॉपसह फ्रीबीएसडी देण्याचा पीसी-बीएसडी हा प्रयत्न २००५मध्ये सुरू झाला होता, पुढे त्याचं नाव ट्रूओएस झालं आणि २०२०मध्ये तो थांबला. आज त्या वाटेवर घोस्टबीएसडी आहे. ती पेनड्राइव्हवरून डिस्कला हात न लावता सुरू करता येते, आणि पडदा, आवाज, वायफाय चालतं का हे तिथल्या तिथे कळतं. मी तिला तो पेनड्राइव्ह दिला. तिचा लॅपटॉप सुरू झाला, आवाज आला, वायफाय कार्ड मात्र ओळखलं गेलं नाही. तिने कार्डाचं नाव लिहून घेतलं. यूएसबीवर लावायचे कुठले अडॅप्टर चालतात ते मी तिला लिहून दिलं.

पुढच्या संचात हा फलक असेल: पेनड्राइव्हवरून सुरू झालेला डेस्कटॉप, आणि शेजारी काय काय तपासायचं त्याची ओळीने मांडलेली यादी. डेमो खातं कसं उभं करायचं, कुठली सेटिंग कुठे बदलायची, कुठला स्नॅपशॉट कधी घ्यायचा, हे सगळं मी एका फाइलीत लिहून ठेवलं आहे, म्हणजे नवी आवृत्ती आली की दुसऱ्या कुणालाही तीच चित्रं नव्याने काढता येतील. ज्येष्ठांनी त्यावरून एक्सएफसीईचा संच सुरूही केलाय. त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर प्लाझ्मा जड जातो आणि जुन्या यंत्रावर काय चालतं याचंही चित्र हवं, असं त्यांचं म्हणणं आहे.